लेखापालांच्या लहान पेढ्या : कामाचा पूर, मोलाचा दुष्काळ

प्राप्तिकराच्या लेखापरीक्षा अहवालाची मुदत ३० सप्टेंबरला संपते असे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले असले, तरी ती त्या दिवशी खरोखरच संपेल यावर विश्वास ठेवणारा हिशेबनीस आज महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. २०२५ साली तर करव्यावसायिकांच्या संघटनांना उच्च न्यायालयांचे दरवाजे ठोठवावे लागले. राजस्थान आणि कर्नाटक येथील उच्च न्यायालयांनी महिनाभराची सवलत द्यावी असे सांगितले, मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत गेली, आणि दिवाळी उलटल्यावर ती आणखी सरकून १० नोव्हेंबरला पोहोचली. अशा मुदतवाढीची बातमी वृत्तपत्रांत ‘करदात्यांना दिलासा’ या मथळ्याखाली येते. करदात्याने आपले कागद एक तर जूनमध्येच देऊन टाकलेले असतात, नाही तर ऑक्टोबरपर्यंत दिलेलेच नसतात; मुदतीच्या या खेळात ज्याची झोप उडते तो त्याचा लेखापाल असतो आणि त्याच्याविषयी मात्र मथळ्यात अवाक्षरही नसते.

हा लेखापाल बहुधा एकांडा शिलेदार असतो. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत, कापडाच्या किंवा खताच्या दुकानावरच्या माडीवर त्याची पेढी असते. दोन-तीन संगणक, फायलींनी भरलेली कपाटे, हाताखाली शिकणारी एक-दोन मुले आणि पंचवीस वर्षांपासून असलेला एक कारकून, एवढाच सरंजाम. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेचे सभासद आज चार लाखांहून अधिक आहेत, आणि व्यवसाय करणाऱ्या पेढ्यांपैकी बहुसंख्य पेढ्या एकेका मालकाच्याच आहेत. त्यांच्या जोडीला जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची पदविका घेऊन संस्थांची हिशेबतपासणी करणारे प्रमाणित लेखापरीक्षक आहेत, जुने विक्रीकर सल्लागार आहेत, करविषयक काम पाहणारे वकील आहेत. देशातील लहान व्यापारी, कारखानदार, शाळा चालविणारी मंडळे, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्था या सर्वांचा सरकारशी जो आर्थिक संबंध येतो तो या माडीवरून येतो.

असे असूनही या व्यवसायाविषयी सार्वजनिक चर्चा होते ती बड्या पेढ्यांची. चार बहुराष्ट्रीय पेढ्यांच्या तोडीस तोड भारतीय पेढ्या उभ्या राहाव्यात म्हणून काय करावे, यासाठी केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टिपण प्रसिद्ध करून लोकांची मते मागविली. हेतू चांगला आहे, त्याला आक्षेप घेण्याचे कारण नाही. पण वटवृक्ष कसा वाढवावा याची चिंता करणाऱ्यांनी शेताच्या बांधावरील बाभळीकडेही एकदा पाहावयास हवे होते. कारण सावली मिळण्याचा बहुसंख्यांचा मार्ग तोच आहे.

हिशेब ठेवण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. कीर्द, खतावणी, जमाखर्च, ताळेबंद हे शब्द इंग्रजी बुककीपिंग येथे पोहोचण्यापूर्वीपासून रुळलेले आहेत. आधुनिक अर्थाने हा व्यवसाय शिकविण्याची सुरुवातही मुंबईतच झाली. १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि १९१८ साली मुंबई सरकारने लेखाशास्त्राची पदविका सुरू केली. दिवाळीला वहीपूजन करून नवे वर्ष धरण्याची व्यापाऱ्यांची रीत प्राप्तिकर खात्यालाही बराच काळ मान्य होती. कोणाचे वर्ष दिवाळीला संपे, कोणाचे मार्चअखेर, कोणाचे आणखी कधी. १९८९ साली सर्वांचे वर्ष ३१ मार्चलाच संपले पाहिजे असा नियम लागू झाला. करप्रशासनाच्या सोयीचा हा बदल योग्यच होता, परंतु त्याचा एक परिणाम क्वचितच लक्षात घेतला जातो. पूर्वी वर्षभर पसरलेले हिशेबतपासणीचे काम त्यानंतर एकाच हंगामात येऊन आदळू लागले. शेतकऱ्याच्या सुगीसारखा हा हंगाम आहे. फरक इतकाच की सुगीत मजूर जास्त लावता येतात, आणि येथे सही करणारा हात एकच असतो.

या व्यवसायाचे अर्थकारण समजून घ्यायचे तर एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. हिशेबतपासणी कोणीही हौसेने करून घेत नाही. तिला असणारी मागणी ही अप्रत्यक्ष मागणी असते, आणि लहान पेढ्यांच्या बाबतीत तर ती जवळजवळ सर्वस्वी कायद्याने निर्माण केलेली असते. १९८४ च्या वित्त कायद्याने चाळीस लाखांवरील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना आणि दहा लाखांवर प्राप्ती असलेल्या व्यावसायिकांना सनदी लेखापालाकडून तपासणी सक्तीची केली. त्या वेळी चाळीस लाखांची उलाढाल हा मोठा आकडा होता. पुढे भाववाढ होत गेली, आकडा मात्र २०१० पर्यंत तेथेच राहिला. म्हणजे संसदेत कोणीही हात वर न करता दरवर्षी हजारो नवे दुकानदार या सक्तीच्या कक्षेत येत राहिले, आणि लहान पेढ्यांची भरभराट बव्हंशी या न बदललेल्या आकड्यावर झाली. २००५ साली महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि त्याच्या सोबत ७०४ क्रमांकाचा तपासणी अहवाल आला. तोही आधार झाला.

जे सरकार देते ते सरकार काढूनही घेते. प्राप्तिकराच्या तपासणीची मर्यादा २०१० मध्ये साठ लाखांवर आणि २०१२ मध्ये एक कोटीवर गेली. ज्यांचे रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांहून अधिक नाहीत त्यांच्यासाठी ती २०२० मध्ये पाच कोटी आणि २०२१ मध्ये दहा कोटी झाली. लहान व्यापाऱ्याने उलाढालीच्या आठ टक्के, किंवा बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या सहा टक्के, नफा धरून कर भरावा आणि वह्यांची कटकट टाळावी, ही अंदाजी करआकारणीची सोय रोखीचे व्यवहार कमी असणाऱ्यांसाठी तीन कोटींच्या उलाढालीपर्यंत वाढविण्यात आली. वस्तू व सेवा कराच्या वार्षिक तपासणीवरील लेखापालाची सही तर २०२१ मध्ये पूर्णतः काढून टाकण्यात आली. ते विवरण आता व्यापारी स्वतःच साक्षांकित करतो. या सर्व सवलतींबद्दल व्यवसायात बरीच नाराजी आहे. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने पाहता त्यातील बहुतेक सवलती समर्थनीय आहेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. किराणा दुकानदाराच्या वह्या तपासून देशाच्या तिजोरीत भर किती पडते आणि त्या दुकानदाराचा खर्च किती होतो, याचा ताळा मांडला तर सक्तीचे समर्थन करणे कठीण जाते. कोणत्याही व्यवसायाचे पोट भरावे म्हणून कायदा करता येत नाही.

पगारदारांचे कामही आटत चालले आहे. शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी यांची विवरणपत्रे भरून देणे हा लहान पेढीचा जुलै महिन्यातला हमखास व्यवसाय असे. विम्याचे हप्ते, भविष्य निर्वाह निधी, घरकर्जाचे व्याज यांच्या पावत्या घेऊन रांग लागे आणि प्रत्येकाला आपला लेखापाल थोडा तरी कर वाचवून देईल अशी आशा असे. २०२३-२४ पासून वजावटी नसलेली नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली ठरली. २०२५-२६ पासून त्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर, आणि प्रमाणित वजावट धरता पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर, कर उरला नाही. व्याज, लाभांश, समभागांची विक्री यांची माहिती खात्याकडे आधीच जमा असते आणि विवरणपत्र अर्धेअधिक भरूनच समोर येते. मास्तरांचा मुलगा घरी बसून ते दहा मिनिटांत पाठवतो. यात वाईट काही नाही.

मग काम कमी झाले म्हणावे, तर तसेही नाही. तपासणीचे काम आटले त्याच दशकात कागद भरण्याच्या कामाला पूर आला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. योगायोग असा, की हाच लेखापालांच्या संस्थेचा स्थापनादिन. या कराच्या रचनेत खरेदीदाराला कराची वजावट मिळणे हे विक्रेत्याने आपले बिल वेळेवर नोंदविण्यावर अवलंबून आहे, आणि १ जानेवारी २०२२ पासून ही अट पूर्ण कडक झाली. तासगावच्या बेदाणे व्यापाऱ्याने मुंबईहून घेतलेल्या खोक्यांवर कर भरला, परंतु खोकेवाल्याने ते बिल दाखविलेच नाही, तर भुर्दंड तासगावला बसतो. तो बसू नये म्हणून प्रत्येक बिल जुळवून पाहणे आले. विक्रीचे विवरण ११ तारखेला, खरेदीचा सरकारी उतारा १४ तारखेला, करभरणा २० तारखेला. समजा एका पेढीकडे दरमहा भरणा करणारे ऐंशी अशील आहेत. १४ ते २० मधील रविवार वगळला तर हाती सहा दिवस राहतात, म्हणजे रोज तेरा-चौदा व्यापाऱ्यांची सर्व खरेदी जुळवून, त्यांना दूरध्वनी करून, त्यांच्या बँकेतून पैसे भरवून विवरण पाठवायचे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना २०२१ पासून त्रैमासिक विवरणाची मुभा मिळाली, तिने थोडा श्वास मिळाला. पण कर दरमहा भरायचाच असल्याने आणि मोठे खरेदीदार आपल्या पुरवठादाराने दरमहा बिले नोंदवावीत असा आग्रह धरीत असल्याने ती मुभा पुष्कळदा कागदावरच राहते. यात संगणकीय बिले आली, प्रत्येक सहीसाठी २०१९ पासून संस्थेच्या संकेतस्थळावरून घ्यावयाचा स्वतंत्र क्रमांक आला, व्यवसायांतर्गत परस्परपरीक्षण आले.

त्यात १ एप्रिल २०२६ पासून अंमलात आणण्यासाठी नवा प्राप्तिकर कायदा संमत झाला. १९६१ च्या कायद्याची किचकट भाषा सुटसुटीत करणे हा त्याचा उद्देश, आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ ही पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ उडविणारी जोडी जाऊन एकच ‘कर वर्ष’ येणे ही त्यातली खरोखर स्वागतार्ह गोष्ट. पण पगारदारांच्या तोंडी बसलेले ऐंशी-सी कलम त्यात एकशे तेवीसावे झाले आहे, आणि अशी शेकडो कलमे नव्याने पाठ करण्याचा खर्च मोठ्या पेढीच्या शिक्षण विभागावर पडतो, तर लहान पेढीत तो मालकाच्या रात्रीच्या झोपेवर पडतो. नियमपालनाचा ठरावीक खर्च जितक्या लहान घटकावर पडतो तितका तो जड होतो, हा साधा नियम करदात्याप्रमाणे त्याच्या लेखापालालाही लागू आहे.

येथे एक कूट प्रश्न उभा राहतो. काम वाढले, जबाबदारी वाढली, तरी मेहनताना का वाढत नाही? पुरवठा जास्त आहे हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वापरलेल्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले, की मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला ओळखता येत नाही, अशा बाजारात चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही व हळूहळू तो बाजारातून बाहेर पडतो. लेखापालाच्या कामाला हे तंतोतंत लागू पडते. प्रत्येक बिल पडताळून भरलेले विवरण आणि व्यापाऱ्याने दूरध्वनीवर सांगितलेला आकडा टाकून भरलेले विवरण, दोहोंची पोच सारखीच येते. फरक कळतो तो तीन वर्षांनी नोटीस आल्यावर. तोपर्यंत व्यापाऱ्याच्या लेखी दोन्ही कामे सारखी, आणि म्हणून जो महिन्याला शे-दोनशे रुपये कमी घेतो तो चांगला. पेठेत असे कमी घेणारे पुष्कळ आहेत. शिवाय संकेतस्थळांवरून ठोक भावात नोंदणी व विवरणे करून देणाऱ्या कंपन्या आहेत, ज्यांना जाहिरातीची मुभा आहे. सनदी लेखापालाने अशील मागत फिरू नये, जाहिरात करू नये, हा १९४९ च्या कायद्यातील दंडक व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी होता. संस्थेने तो अलीकडे काहीसा सैल केला आहे. परंतु बंधनात राहून बंधनमुक्तांशी स्पर्धा करण्याची अडचण पुरती संपलेली नाही. शिवाय उधारी आहेच. डॉक्टरची फी जागेवर, वकिलाची निम्मी आगाऊ, आणि लेखापालाची दिवाळीला, तीही पेढ्यांच्या पुड्यासह ‘पुढच्या महिन्यात बघू’ या बोलीवर.

हाताखालच्या मुलांचा प्रश्न याला जोडूनच येतो. सनदी लेखापाल होऊ इच्छिणारा विद्यार्थी पेढीत उमेदवारी करतो. अत्यल्प विद्यावेतन घेऊन तो काम करतो आणि त्या बदल्यात शिकतो, असा हा जुना गुरुशिष्यव्यवहार. २०२३ च्या नव्या अभ्यासक्रमात ही उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल इष्टच. पण पहिले वर्ष शिकण्यात जाते आणि कामाला उपयोगी पडू लागेपर्यंत तो निघून जातो, अशी लहान पेढीची तक्रार आहे. तिच्यातही तथ्य आहे. तथापि या तक्रारीच्या मुळाशी एक गोष्ट आहे जी व्यवसायातील ज्येष्ठांनी मान्य करावयास हवी. स्वस्त उमेदवारांच्या श्रमावर मेहनताना कमी ठेवण्याची सवय लागली, आणि ते श्रम दुर्मिळ होताच धंद्याचा मूळ तोटा उघडा पडला. बी.कॉम. झालेल्या, टॅलीवर हात बसलेल्या स्थानिक तरुण-तरुणींना योग्य पगारावर कायम नेमावे, त्यांना शिकवावे, ही गुंतवणूक फार थोड्या पेढ्यांनी केली आहे. जेथे केली आहे तेथे मालक २० तारखेलाही घरी जेवायला वेळेवर जातो.

आता या सर्व गोष्टी एका व्यवसायाच्या घरगुती अडचणी म्हणून सोडून देता आल्या असत्या. त्या तशा नाहीत, हे सहकाराच्या क्षेत्राकडे पाहिले म्हणजे पटते. महाराष्ट्रात दोन लाखांवर सहकारी संस्था आहेत. त्यांतील सुमारे निम्म्या गृहनिर्माण संस्था. शिक्षकांच्या, सरकारी नोकरांच्या पगारदार पतसंस्था आहेत, गावोगावच्या नागरी व ग्रामीण बिगरशेती पतसंस्था आहेत. बँक बुडाली तर ठेवीदाराला ठेव विमा महामंडळाकडून २०२० पासून पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्था बुडाली तर हा विमा नाही. निवृत्त मुख्याध्यापकाने उपदानाची रक्कम अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत ठेवली, तर त्या रकमेच्या आणि संचालकांच्या मधे उभा असलेला पहारेकरी कोण? सहकार खाते दूर असते. जवळ असतो तो लेखापरीक्षक.

२०१३ पर्यंत संस्थांची हिशेबतपासणी करवून घेणे ही निबंधकाची जबाबदारी होती. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये सहकार कायद्यात बदल केला आणि शासनमान्य नामिकेतून लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या वार्षिक सभेला दिला. ती घटनादुरुस्ती राज्यांतर्गत सहकारी संस्थांपुरती सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घटनाबाह्य ठरविली, तरी राज्याच्या विधिमंडळाने केलेली ही व्यवस्था राहिली. सभासदांना स्वायत्तता मिळावी हा हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात काय घडते ते सर्वांना माहीत आहे. सभेपुढे नाव येते ते संचालक मंडळाने ठरविलेले, आणि ‘मंजूर, मंजूर’ अशा गजरात ते पुढे जाते. ज्याचे हिशेब तपासायचे तोच तपासनीस निवडतो आणि त्याचे बिलही तोच देतो. त्याच वेळी कायद्याने लेखापरीक्षकावर जे ओझे टाकले आहे ते पाहावे : अपहार किंवा गैरव्यवहार आढळला तर त्याने निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा आणि पोलिसांत प्रथम माहिती अहवालही स्वतःच नोंदवायचा, न नोंदविल्यास कर्तव्यात कसूर केल्याबद्दल अपात्र ठरायचे. ज्या गावात आपले घर आहे, मुले शाळेत आहेत, निम्मे अशील संस्थेच्या अध्यक्षाच्या गोतावळ्यातील आहेत, त्या गावात फिर्यादी म्हणून पोलीस ठाण्याची पायरी चढायची. हे धैर्य करणारे लेखापरीक्षक महाराष्ट्रात आहेत आणि त्यांच्यामुळेच अनेक प्रकरणे उघडकीस आली. परंतु व्यवस्था धैर्यावर उभारलेली असावी काय? तुटपुंज्या मेहनतान्यात, दोन दिवसांत तपासणी आटोपून, कर्जखात्यांतील प्रत्येक तारण पाहिले जाईल अशी अपेक्षा धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. स्वस्त तपासणीची किंमत शेवटी ठेवीदार देतो.

यावर उपाय अशक्य नाही. ठराविक आकारापेक्षा मोठ्या पतसंस्थांसाठी लेखापरीक्षकाची निवड चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकीय पद्धतीने निबंधकाने करावी, संस्थांकडून उलाढालीच्या प्रमाणात वर्गणी घेऊन एक स्वतंत्र निधी उभारावा आणि मेहनताना त्या निधीतून द्यावा. निवड आणि देयक या दोन दोऱ्या संचालकांच्या हातून सुटल्या म्हणजे लेखापरीक्षकाचा कणा आपोआप ताठ होण्यास मदत होईल. याने संस्थेची स्वायत्तता जाते असा आक्षेप येईल. परंतु ठेवी घेणारी पतसंस्था आणि चाळीस सदनिकांची गृहनिर्माण संस्था यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. लहान गृहनिर्माण संस्थेचा निर्णय तिच्या सभेकडेच राहावा.

वाढीच्या वाटाही आहेत, आणि त्या शोधण्यासाठी फार दूर जायला नको. शेतकरी उत्पादक कंपन्यांचेच घ्या. दहा हजार उत्पादक संघ उभे करण्याची केंद्राची योजना २०२० मध्ये जाहीर झाली आणि अशा कंपन्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे. कांदा, हळद, सोयाबीन पिकविणारे शेतकरी संचालक झाले, पण कंपनी कायदा त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. वार्षिक विवरण आणि ताळेबंद निबंधकाकडे वेळेवर गेला नाही तर प्रत्येक पत्रकामागे दिवसाला शंभर रुपये जादा शुल्क चढत जाते. दोन पत्रके वर्षभर राहिली तर त्र्याहत्तर हजार. तीन वर्षे राहिली तर संचालक अपात्र. या कंपन्यांना वैधानिक तपासणीखेरीज सनदी लेखापालाकडून अंतर्गत तपासणीही कायद्याने आवश्यक आहे. मुंबई-पुण्याची पेढी यासाठी बार्शीला किंवा हिंगोलीला येणार नाही. गोदामातील हळदीचा साठा मोजणे, सभासदांच्या भागभांडवलाची नोंद ठेवणे, बँकेपुढे खेळत्या भांडवलाचा प्रस्ताव मांडणे ही कामे गावच्या लेखापालाचीच आहेत. यात पहिली दोन-तीन वर्षे पैसा थोडा मिळेल हे खरे.

दुसरी वाट लघुउद्योगांच्या येण्याची. मोठा खरेदीदार माल घेऊन चार-सहा महिने पैसे अडकवून ठेवतो, हे इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाचे आणि चाकणच्या सुट्या भागांच्या कारखानदाराचे सारखेच दुखणे. २०२३ च्या वित्त कायद्याने तरतूद केली की सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत, करार नसल्यास पंधरा दिवसांत दिले नाही, तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळणार नाही. प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळेल. तरतुदीला व्यापाऱ्यांचा विरोध झाला, काही ठिकाणी ऑर्डरी नोंदणी नसलेल्यांकडे वळल्या अशाही तक्रारी झाल्या. तरी आपल्या अशिलाची उद्यम नोंदणी करून ठेवणे, प्रत्येक बिलावर तिचा क्रमांक छापणे, येणे किती दिवसांचे आहे याचा तक्ता दरमहा त्याच्या हाती देणे आणि गरज पडल्यास विलंबित देण्यांच्या परिषदेकडे दावा दाखल करणे, या मार्गाने लेखापाल अशिलाला रोख पैसा मिळवून देऊ शकतो. विवरण भरल्याबद्दल हातचे पैसे सुटत नाहीत, परंतु अडकलेली रक्कम सोडवून दिल्यास त्या कामाचे मोल व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. दर्जा डोळ्यांनी दिसेल असे काम निवडणे, हेच अकेरलॉफच्या बाजारातून बाहेर पडण्याचे एक दार आहे.

बँकेच्या कर्जाचेही तसेच. पूर्वी बँक तारण पाहून कर्ज देई. आता ती वस्तू व सेवा कराची विवरणे, बँक खाते आणि ताळेबंद यांचा मेळ पाहते. अंदाजी आकारणीखाली वह्या न ठेवणारा दुकानदार कर्ज मागायला गेला म्हणजे त्याला वह्यांची आठवण होते. सक्ती गेली तरी गरज उरते, ती अशी. शिवाय प्राप्तिकराची निर्धारणे २०२० पासून चेहराविरहित झाल्यामुळे सांगलीच्या लेखापालाला पुण्याच्या अधिकाऱ्यापुढे उभे राहण्याची गरज उरली नाही. उत्तम मसुदा लिहिणारा माणूस कोठेही बसून कोणाचेही काम करू शकतो. ज्यांचा व्यवसाय ओळखीवर चालत होता त्यांना हा बदल जड गेला.

राहिला प्रश्न एकटेपणाचा. पाच एकांड्या लेखापालांनी एकत्र येऊन एकाने वस्तू व सेवा कर, दुसऱ्याने सहकार, तिसऱ्याने कंपनी कायदा असे वाटून घ्यावे, हे सुचविणे सोपे आहे. संस्थेच्या नियमांत भागीदारी, मर्यादित दायित्व भागीदारी व पेढ्यांचे जाळे अशा सर्व सोयी आहेत. अडचण नियमांची नसून स्वभावाची आहे. आपला अशील दुसऱ्याला दिसू नये ही भीती, आणि पाटीवर कोणाचे नाव आधी हा वाद, यांत अनेक भागीदाऱ्या मोडल्या आहेत. पण मालक आजारी पडला तर ऐंशी व्यापाऱ्यांची विवरणे कोण भरणार, या प्रश्नाला एकट्या पेढीकडे उत्तर नाही. बँकांच्या शाखांचे कामकाज एकवटत गेल्याने शाखातपासणीचे काम घटले. मोठ्या कंपनीसमूहांच्या तपासणीत मुख्य लेखापरीक्षकाची जबाबदारी वाढविणाऱ्या सुधारित मानकावरून २०२४ मध्ये संस्था व नियामक प्राधिकरण यांच्यात जो वाद झाला, त्याच्या तळाशीही उपकंपन्यांचे काम लहान पेढ्यांकडून बड्यांकडे जाईल ही धास्ती होती. वरून येणारे काम यापुढे वाढण्याची चिन्हे नाहीत.

सरकारकडून अपेक्षा माफक आहेत. विवरणपत्रांचे नमुने आणि ते भरण्याची संगणकीय साधने १ एप्रिलला तयार असावीत; ती उशिरा आली तर मुदत तितक्याच दिवसांनी आपोआप पुढे जावी, त्यासाठी दरवर्षी न्यायालयात जाण्याची पाळी येऊ नये. वस्तू व सेवा कराच्या विवरणात झालेली निर्मळ चूक दुरुस्त करण्याची वाट त्याच पत्रकात असावी. पतसंस्थांच्या लेखापरीक्षकांची निवड व मेहनताना याविषयीचा निर्णय मात्र राज्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. तोवर सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होत राहतील. लेखापरीक्षकाच्या नेमणुकीचा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर असतो; गेल्या वर्षीच्या अहवालातील शेरे आणि त्यांवर संचालकांनी दिलेले उत्तर वाचून दाखवा, असे कोणाही सभासदाला उभे राहून म्हणता येते.